यंत्राज्ञांचे उलटवाचन : संख्या कोणती, पत्ता कोणता?

सोलापुरी चादरीवरील मोर किंवा वेलबुट्टी यांची नक्षी मागावर जाण्यापूर्वी दोन रूपांतून जाते. प्रथम ती चौकटीच्या कागदावर उतरते. या कागदास कारागीर ग्राफ म्हणतात. त्यानंतर त्या ग्राफच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक याप्रमाणे जाड पुठ्ठ्याची कार्डे छिद्रित केली जातात व ती दोऱ्यांनी एकमेकांस गुंफून त्यांची माळ जॅकार्ड यंत्रावर चढविली जाते. ग्राफ मनुष्यासाठी असतो, कार्डे यंत्रासाठी. माग एकदा सुरू झाला की ग्राफची यंत्रास गरज उरत नाही. त्यामुळे अनेकदा ग्राफ हरवतो आणि कार्डांची माळ तेवढी शिल्लक राहते. अशा माळेवरून मूळ नक्षी पुन्हा कागदावर आणावयाची झाल्यास जो प्रश्न उभा राहतो, तोच संगणकशास्त्रात यंत्राज्ञांवरून वाचनीय आज्ञावली पुन्हा सिद्ध करताना उभा राहतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. परंतु पहिल्याच्या साहाय्याने तो अधिक स्पष्ट होतो, आणि सोलापूरच्या वाचकास तो अपरिचित नाही.

जॅकार्डची क्रिया थोडक्यात अशी. यंत्रातील प्रत्येक हुकास एक आडवी सुई जोडलेली असते. बाण्याचा एक धागा टाकण्यापूर्वी एक कार्ड सुयांवर दाबले जाते. जेथे छिद्र आहे तेथे सुई आत जाते, हुक जागेवर राहतो आणि वर चढणारे पाते त्यास उचलते. त्यायोगे ताण्याचा संबंधित धागा वर येतो. जेथे छिद्र नाही तेथे सुई मागे ढकलली जाते, हुक पात्यावरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. म्हणजे कार्डावरील प्रत्येक जागा ‘उचल’ किंवा ‘उचलू नको’ एवढेच सांगते. झोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास लिआँ येथे हे यंत्र सिद्ध केले. छिद्रित कागदाने माग चालविण्याची कल्पना त्याहून जुनी असून ती १७२५ मध्ये बाझिल बूशाँ याने अमलात आणली होती.

आता कार्डे समोर घेऊन, छिद्र असेल तेथे काळा चौकोन व नसेल तेथे पांढरा, याप्रमाणे कागद भरीत गेल्यास काय मिळते? यांत्रिक अर्थाने ते पूर्ण वाचन होय; एकही छिद्र सुटलेले नाही. परंतु दुहेरी विणीच्या चादरीच्या बाबतीत त्या कागदावर मोर दिसत नाही. अशा कापडात दोन थर असतात, आणि नक्षीच्या जागी वरचा व खालचा थर परस्परांची जागा घेतात. सर्व वीण जॅकार्डनेच होत असेल, तर प्रत्येक कार्डात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: कोणता थर वर यावा हा नक्षीचा भाग, आणि त्या थरातील साधी वीण कशी चालावी हा विणीचा भाग. वीण ठराविक अंतराने, दोन्ही थर साध्या विणीचे असल्यास सामान्यतः दर चार बाण्यांनी, पुन्हा तीच येते. ही आवृत्ती ओळखून बाजूला काढली म्हणजेच उरलेल्या भागातून मोर प्रकट होतो. शिवाय हुकापासून निघणाऱ्या दोऱ्या ताण्याच्या कोणकोणत्या धाग्यांना बांधल्या आहेत, हे कार्डावर कोठेच लिहिलेले नसते. एकाच हुकास पन्ह्यातील अनेक धागे बांधलेले असू शकतात. मध्यापासून उलटसुलट बांधणी असेल तर अर्ध्या नक्षीच्या कार्डांवर पूर्ण, समभुज नक्षी विणली जाते. तीच माळ दुसऱ्या बांधणीच्या मागावर चढविली तर दुसरे कापड निघेल. बाण्याचा रंगदेखील त्या छिद्रांवरून कळत नाही.

जोपर्यंत तीच चादर, त्याच मागावर, त्याच पन्ह्यात विणावयाची आहे तोपर्यंत या अज्ञानाने काही बिघडत नाही. कार्डे जीर्ण झाली तर त्यांवरून दुसरी छिद्रित करता येतात; इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी छिद्रांची नोंद जशीच्या तशी उतरवून घेता येते. अडचण येते ती बदल करावयाचा झाल्यास. मोर चार बोटे उंच हवा म्हणून मध्येच एक कार्ड वाढविले, तर चारांची आवृत्ती मोडते व त्या रेषेवर कापडात दोष उमटतो. जे केवळ जतन करावयाचे आहे त्यासाठी छिद्रांची नोंद पुरते; जे बदलावयाचे आहे त्यासाठी अर्थ लागतो. उलटवाचनाच्या सर्व विवेचनात हा भेद सतत ध्यानी ठेवावा लागतो.

जॅकार्डची कार्डे चार्ल्स बॅबेज याने १८३० नंतरच्या दशकात आपल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात स्वीकारली, हे सर्वश्रुत आहे. तितके सर्वश्रुत नसलेले वैशिष्ट्य असे की, त्याने कार्डांच्या जाती वेगळ्या ठेवल्या. कोणती क्रिया करावयाची हे सांगणारी कार्डे एक. कोणत्या स्थानावरील राशी घ्यावयाची हे सांगणारी दुसरी. आणि प्रत्यक्ष संख्या पुरविणारी तिसरी. कार्ड कोणत्या माळेत आहे यावरून त्याचा अर्थ निश्चित होत असे. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन याच्या अहवालाने जी रचना प्रसृत झाली, तीत हा भेद लोपला. आज्ञा, पत्ते आणि संख्या या तिन्ही एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या अंकांनी लिहिल्या जाऊ लागल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक याच परंपरेतला. त्याच्या स्मृतीतील ४० द्विमान अंकांचा शब्द पाहून ती संख्या आहे की आज्ञा आहे, हे सांगता येत नसे. स्मृतीतील एखादी राशी काय आहे, हे ती कशी वापरली जाते यावरच अवलंबून राहू लागले. या सोयीने संगणकास विलक्षण सामर्थ्य दिले, आणि उलटवाचकाच्या सर्व अडचणीही येथूनच निघाल्या.

त्या अडचणींचे स्वरूप एका लहान उदाहरणावरून पाहणे इष्ट होईल. यासाठी इंटेलचा ८०८५ हा १९७६ चा सूक्ष्मप्रक्रियक सोयीचा आहे. भारतातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत तो अनेक वर्षे राहिलेला असल्याने त्याच्या आज्ञा बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत. पुढील तक्त्यात पहिला स्तंभ पत्त्याचा, दुसरा स्मृतीतील बाइटांचा व तिसरा डिसअसेंबलरने दिलेल्या वाचनाचा आहे. सर्व अंक षोडशमान पद्धतीतील असून दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांसाठी ए ते एफ ही अक्षरे योजली आहेत.

२०००   २१ १० २०   एलएक्सआय एच, २०१०
२००३   ०ई ०५   एमव्हीआय सी, ०५
२००५   एएफ   एक्सआरए ए
२००६   ८६   एडीडी एम
२००७   २३   आयएनएक्स एच
२००८   ०डी   डीसीआर सी
२००९   सी२ ०६ २०   जेएनझेड २००६
२००सी   ३२ ५० २०   एसटीए २०५०
२००एफ   ७६   एचएलटी
२०१०   ०सी   आयएनआर सी
२०११   २१ ०५ ३ई   एलएक्सआय एच, ३ई०५
२०१४   ११ …   एलएक्सआय डी, …

पहिल्या नऊ ओळींचा अर्थ सरळ आहे. एच-एल या जोडीत २०१० भरावे. सी मध्ये पाच भरावे. संचायक शून्य करावा. एच-एल ज्या स्थानाकडे निर्देश करते तेथील राशी संचायकात मिळवावी. निर्देश एकाने पुढे न्यावा. सी एकाने कमी करावा. सी शून्य झाला नसेल तर २००६ कडे परतावे. अखेर उत्तर २०५० या स्थानी ठेवून थांबावे. पाच राशींची ही बेरीज आहे.

शेवटच्या तीन ओळी मात्र निव्वळ भ्रम आहेत. बाइटांमागून बाइट ओळीने वाचीत जाणारा डिसअसेंबलर थांबण्याची आज्ञा ओलांडून पुढे गेला आणि पाच राशींच्या तक्त्यालाच आज्ञा समजून बसला. त्या राशी दशमान पद्धतीत १२, ३३, ५, ६२ व १७ अशा आहेत. त्यांतील ३३ ही षोडशमानात २१ होते, आणि २१ हा योगायोगाने एलएक्सआय एच चाही संकेत आहे. म्हणून वाचनात ३ई०५ हा कोठेही अस्तित्वात नसलेला पत्ता निर्माण झाला. ८०८५ च्या २५६ संभाव्य संकेतांपैकी बहुतेक सर्वांना काही ना काही अर्थ आहे. त्यामुळे कोणतीही राशी ‘वाचता येते’. वाचता आली म्हणून ती आज्ञा ठरत नाही.

मोडी कागद वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. ओळ सलग जाते, आणि शब्द कोठे संपला हे वाचकाने अर्थावरून ठरवावयाचे असते. यंत्राज्ञांच्या बाबतीत थोडासा दिलासा असा की, चुकीच्या जागी सुरू केलेले वाचन पुष्कळदा आपोआप रुळावर येते. वरील उदाहरणात २००० ऐवजी २००२ पासून प्रारंभ केल्यास २० हा बाइट आरआयएम ही आज्ञा म्हणून वाचला जाईल, परंतु लगेच पुढची ०ई ०५ ही आज्ञा अचूक पकडली जाईल व तेथून सर्व बरोबर चालेल. हा गुण उपकारक खरा, पण फसवाही आहे. कारण मधली एक खोटी आज्ञा नजरेतून सहज निसटते.

तक्ता हा तक्ता आहे, हे कशावरून ठरवावयाचे? येथे दोन स्वतंत्र पुरावे मिळतात. एचएलटी नंतर २०१० कडे नियंत्रण नेणारी कोणतीही वाट दिसत नाही, हा पहिला. एच-एल मध्ये २०१० भरून लगेच त्या निर्देशाने बेरीज केली आहे, हा दुसरा. आणि सी मधील पाचाच्या आकड्यावरून तक्त्याची लांबीही कळते. केवळ ओळीने न वाचता नियंत्रणाच्या वाटा अनुसरून वाचण्याची जी दुसरी पद्धती आहे, ती पहिल्या प्रकारचा पुरावा वापरते. तिचेही वैगुण्य आहे. पीसीएचएल या आज्ञेने एच-एल मधील आकड्याकडे उडी मारली जाते. तो आकडा गणिताने सिद्ध झालेला असला तर वाट कोठे जाते हे आज्ञा पाहून कळत नाही, आणि त्या वाटेने पोहोचणारा सर्व भाग वाचनातून वगळला जातो. काही लेखक उपक्रम बोलाविणाऱ्या आज्ञेच्या पाठोपाठच त्या उपक्रमास लागणाऱ्या राशी लिहून ठेवीत. उपक्रम परतीचा पत्ता उचलून त्या राशी वाचतो व त्यांच्या पुढे परततो. अशा ठिकाणी वाट अनुसरणारा वाचकही फसतो.

याहून चमत्कारिक अशी एक युक्ती ८०८० या १९७४ च्या प्रक्रियकाच्या काळात रूढ झाली. ०१ १ई १४ हे तीन बाइट घ्यावेत. पहिल्यापासून वाचल्यास ती एलएक्सआय बी, १४१ई ही एकच आज्ञा होते. दुसऱ्यापासून वाचल्यास एमव्हीआय ई, १४ ही वेगळीच आज्ञा होते. आज्ञावली दोन्ही बाजूंनी तेथे शिरते. वरून येणाऱ्यास मधली आज्ञा ओलांडून जावयाची असते, म्हणून तिच्यावर एक निरुपयोगी आज्ञा पांघरली आहे. एक बाइट खर्चून उडीचे तीन बाइट वाचविण्याची ही काटकसर १९७५ च्या अल्टेअर बेसिक मध्ये आढळते. येथे ‘खरे वाचन कोणते’ हा प्रश्नच गैरलागू आहे. दोन्ही खरी आहेत. त्या बेसिकची हौशी अभ्यासकांनी केवळ यंत्राज्ञांवरून टिपणांसह केलेली वाचने प्रचलित होती. मूळ लेखन २०२५ मध्ये बिल गेट्स यांनी प्रसिद्ध केले.

आज्ञा व राशी यांचा निवाडा सर्व प्रसंगी अचूक करील अशी पद्धती असू शकत नाही, हे हॉर्सपूल आणि मारोवाक यांनी १९८० मध्ये दाखविले. ट्यूरिंगने १९३६ मध्ये अनिर्णेय ठरविलेल्या प्रश्नांच्या कुळातच हा प्रश्न बसतो. याचा अर्थ एवढाच की, कोणत्याही एका विशिष्ट आज्ञावलीबाबत पुराव्यांची जुळवाजुळव करून निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय बहुधा बरोबर येतो. तो अनुमान असतो, गणिताचे उत्तर नव्हे.

यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे, आणि विद्यार्थ्यांकडून त्याचीच उपेक्षा होते. आज्ञा आणि राशी वेगळ्या झाल्या, आता वाचन पूर्ण झाले असे वाटते. वस्तुतः आज्ञांच्या पोटातील आकडे अद्याप नुसते आकडेच आहेत. वरील उदाहरणात असे चार आकडे येतात: २०१०, ०५, २००६ आणि २०५०. त्यांपैकी २००६ हा उडीच्या आज्ञेत असल्याने निःसंशय पत्ता आहे. २०५० हाही पत्ता, कारण एसटीए ही आज्ञा दुसरे काही घेऊच शकत नाही. परंतु एलएक्सआय एच मागे येणारा २०१० हा पत्ता असेलच असे नाही. ती आज्ञा जोडीत कोणताही सोळा द्विमान अंकी आकडा भरते. दशमानात तो ८२०८ होतो, आणि कोणास ८२०८ या संख्येचीच गरज असू शकते. उदाहरणार्थ ०१ ई८ ०३ ही आज्ञा घ्यावी. बी-सी जोडीत ०३ई८ हा आकडा भरला जातो. दशमानात तो १००० होतो. पुढे एलडीएएक्स बी आली तर तो पत्ता होता. पुढे डीसीएक्स बी, एमओव्ही ए,बी, ओआरए सी आणि जेएनझेड अशी मालिका आली तर ते हजार फेऱ्यांचे मोजमाप होते. डीसीएक्स ही आज्ञा शून्यदर्शक ध्वज बदलत नाही, म्हणून शून्य झाले की नाही हे पाहण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम करावा लागतो, आणि तोच वाचकाच्या उपयोगी पडतो. आकड्याचे स्वरूप त्याच्या अंगावर लिहिलेले नाही. तो पुढे कोठे जातो यावरून ते शोधावे लागते. कधी पत्ता दोन आज्ञांत विभागलेला असतो, २ई १० व २६ २० अशा, एल आणि एच स्वतंत्रपणे भरणाऱ्या. तेथे २०१० हा आकडा सलग कोठेच दिसत नाही.

हा भेद चुकला तर काय होते, हे त्याच उदाहरणात पाहता येते. बेरीज २५५ हून अधिक झाल्यास वरचा हातचा हरवतो, म्हणून हातचे मोजण्याची सोय करावयाची आहे असे समजावे. बी शून्य करण्यासाठी दोन बाइट, हातचा नसल्यास ओलांडून जाण्यासाठी तीन, बी एकाने वाढविण्यासाठी एक, आणि शेवटी बी २०५१ येथे ठेवण्यासाठी चार, असे एकूण दहा बाइट मध्ये वाढतात. उडीचे पत्ते वाचकाने नावांनी लिहिले होते, म्हणून असेंबलरने ते बरोबर सरकविले. परंतु २०१० हा आकडा मात्र संख्या समजून तसाच ठेवला. आता तक्ता २०१ए या स्थानी गेला आहे. २०१० ते २०१४ या स्थानी सुधारलेल्या आज्ञावलीचेच बाइट येतात, ते म्हणजे ०८, २०, ३२, ५०, २०. आज्ञावली स्वतःच्याच आज्ञांची बेरीज करते आणि १२९ ऐवजी २०२ हे उत्तर देते. यंत्र थांबत नाही, कोणतीही सूचना उमटत नाही, आणि २०२ हा आकडा दिसण्यात १२९ इतकाच निरुपद्रवी आहे. बेरीज ज्या कामाची असेल, सुताच्या वजनाची, वेतनाची वा औषधाच्या मात्रेची, त्या कामात ती चूक शांतपणे उतरते.

नावे दिलेले रूप पुढीलप्रमाणे होईल. येथे नावे वाचकाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.

बेरीज = २०५०
एलएक्सआय एच, तक्ता
एमव्हीआय सी, तक्ता_अंत − तक्ता
एक्सआरए ए
पुढील: एडीडी एम
आयएनएक्स एच
डीसीआर सी
जेएनझेड पुढील
एसटीए बेरीज
एचएलटी
तक्ता: १२, ३३, ५, ६२, १७
तक्ता_अंत:

येथे तीन वेगवेगळे निर्णय झालेले आहेत. ‘तक्ता’ व ‘पुढील’ हे पत्ते आज्ञावलीबरोबर सरकणारे आहेत. ‘बेरीज’ हे नाव दिले असले तरी तो पत्ता स्थिर ठेवला आहे. कारण २०५० हे स्थान आज्ञावलीच्या बाहेर असून दुसरा एखादा उपक्रम किंवा बाह्य उपकरण तेथून उत्तर उचलीत असण्याचा संभव आहे. आणि ०५ ही संख्या असली तरी ती स्वतंत्र नाही, तक्त्याच्या लांबीशी बांधलेली आहे, असे ठरविले आहे. या शेवटच्या निर्णयास पुरावा सबळ असला तरी निर्णायक नाही. मूळ लेखकाने सहावी राशी पुढे कधीतरी भरण्यासाठी जागा सोडून पहिल्या पाचांचीच बेरीज हेतुतः मागितली असणे अशक्य नाही.

पुनर्रचित आज्ञावली असेंबलरमधून काढली असता मूळचेच बाइट बरोबर मिळाले, म्हणजे काम सिद्ध झाले, असा एक समज प्रचलित आहे. ही कसोटी अवश्य लावावी. ती न उतरल्यास वाचन चूक आहे हे नक्की. परंतु ती उतरल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. वरील २०१० संख्या म्हणून लिहिली काय किंवा ‘तक्ता’ म्हणून लिहिली काय, न सरकविता असेंबल केल्यास बाइट तेच येतात. छिद्रांची हुबेहूब नक्कल झाली, एवढेच त्यावरून कळते. अधिक कठोर कसोटी म्हणजे आज्ञावली मुद्दाम सरकवून पाहणे: प्रारंभी व मधूनमधून रिकाम्या आज्ञा घालाव्यात, सर्व पत्ते हलवावेत, आणि मूळच्या व सरकविलेल्या आज्ञावलीस तेच निविष्ट देऊन उत्तरे ताडून पाहावीत. पत्ता असून संख्या समजलेला प्रत्येक आकडा, त्याची वाट चालली गेल्यास, येथे उघडा पडतो. उलट चूक, म्हणजे संख्येस पत्ता समजणे, ही या कसोटीसही पुष्कळदा चुकविते. हजार फेऱ्यांचा विलंब ०३ई८ येथील एखाद्या नावाशी जोडला गेला, तर सरकविल्यावर फेऱ्या हजाराऐवजी हजार सोळा होतील. उत्तर तेच येईल, काळ तेवढा बदलेल, आणि काळ कोणी मोजला नाही तर ते कळणारही नाही.

यंत्राज्ञांवरून वरच्या भाषेतील रूप मिळविण्याचे प्रयत्न १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मॉरिस हॉल्स्टेड यांच्या गटाने सुरू केले. तेथे विकसित झालेल्या नेलिऍक या भाषेत जुन्या आज्ञावली नेणे हा हेतू होता. क्रिस्टिना सिफुएंतेस यांच्या १९९४ च्या प्रबंधाने या विषयास पद्धतशीर रूप दिले. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घिड्रा हे साधन सर्वांस खुले केल्यापासून विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी खर्चाची अडचण राहिलेली नाही. परंतु अशी साधने मुख्यतः वाचण्यासाठी असतात, आणि वाचण्यासाठी पुरेसे असलेले रूप बदलण्यासाठी पुरेसे असतेच असे नाही. पुन्हा असेंबल करून बदलता येईल असे रूप सिद्ध करण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला गेला तो २०१५ मधील युरोबोरस या साधनामागील संशोधनात. २०१७ च्या रॅम्बलरने त्यातील चुकांची चिकित्सा केली, तर २०२० च्या डीडिसॅसमने वर सांगितलेल्या पुराव्यांची जुळवाजुळव तर्कशास्त्रीय नियमांच्या रूपाने यंत्राकडेच सोपविली. त्याच वर्षीच्या रेट्रोराइटने निराळी वाट धरली. हल्लीच्या कार्यप्रणाली सुरक्षेसाठी आज्ञावली प्रत्येक वेळी स्मृतीत वेगळ्या जागी ठेवतात. तसे करावयाचे तर कोणते आकडे सरकणारे पत्ते आहेत हे प्रणालीलाच ठाऊक असावे लागते, आणि म्हणून ती नोंद आज्ञावलीसोबत ठेवलेली असते. रेट्रोराइट ती नोंद वापरते. जे यंत्रास लागते ते शिल्लक राहते. एकेकाळी यंत्रास न लागणारा संख्या-पत्ता भेद आता त्यास लागू लागला, तेव्हा तो आपोआप जतन होऊ लागला. नावे, टिपणे आणि हेतू मात्र अद्यापही त्यास लागत नाहीत.

नावांविषयी थोडा सावधपणा आवश्यक आहे. अर्थ उमगण्यापूर्वी दिलेले भारदस्त नाव हे नाव नसण्यापेक्षा अधिक घातक असते. कारण पुढचा वाचक आज्ञा तपासण्याचे सोडून नावावर विश्वास ठेवतो. ‘वेतन_गणना’ असे नाव वाचल्यावर त्या उपक्रमात वेतनाव्यतिरिक्त काही घडत असेल अशी शंका सहसा येत नाही. म्हणून प्रारंभी ‘स्थान_२००६’ यासारखी निर्विकार नावे ठेवून, पुरावा मिळेल तसतशी ती बदलणे श्रेयस्कर.

आपल्याकडे हे काम कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी निषिद्ध नाही. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने काही अपवाद घातले गेले. कायदेशीरपणे आज्ञावली बाळगणाऱ्यास, तिच्याशी दुसरी स्वतंत्र आज्ञावली जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर ती मिळविण्याची मुभा आहे. तसेच आज्ञावलीचे कार्य पाहून व अभ्यासून तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेण्याचीही. मर्यादा अर्थातच आहेत, आणि संशोधनासाठी एखादी आज्ञावली निवडण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

प्रयोगशाळेतील कामासाठी एक साधी शिस्त पुरेशी आहे. पुनर्रचित आज्ञावलीतील प्रत्येक आकड्यासमोर तो सरकणारा पत्ता, स्थिर पत्ता की संख्या हे लिहावे, आणि त्याशेजारी तसे कशावरून ठरविले ती आज्ञाही लिहावी. वरील उदाहरणात २०१० समोर ‘सरकणारा पत्ता, २००६ येथील एडीडी एम वरून’ अशी नोंद येईल, आणि ०५ समोर ‘तक्त्याची लांबी, केवळ अनुमान’ अशी. सहावी राशी पुढे सापडलीच, तर कोणती ओळ पुन्हा तपासावयाची हे त्या नोंदीवरून कळेल.